उचलणं आणि ठेवणं

खंडेनवमीच्या सकाळी कोल्हापुरात हत्यारांना सुट्टी असते. उद्यमनगरात लेथ मशीन पुसून, हार घालून उभी असतात. सुताराची करवत आणि गवंड्याची थापी पाटावर येते. रिक्षाच्या काचेवर झेंडूची माळ चढते आणि चाकाखाली लिंबू जातं. फोटोग्राफरच्या दुकानातही टेबलावर धुतलेला टॉवेल पसरून कॅमेरे ओळीनं मांडतात. इथं मात्र पूजा करणाऱ्याचा हात जरा अडखळतो. ऐरणीला हळदकुंकवानं काही होत नाही, कॅमेऱ्याला होतं. कुंकवाची पूड फोकसच्या रिंगमध्ये शिरली तर रिंग करकरायला लागते आणि सेन्सरवर बसली तर आकाशाच्या प्रत्येक फोटोत ठिपका उमटतो. म्हणून जाणती माणसं कुंकवाचं बोट गळ्यातल्या पट्ट्याला लावतात, फार तर बॅगेला. अक्षता लांबूनच. इतर ठिकाणी भक्ताला देवापासून अंतर राखावं लागतं. इथं देवालाच भक्तीपासून जपावं लागतं.

पूजा आटोपते, नारळ फुटतो, पेढा तोंडात जातो. संध्याकाळी कुठल्या तरी कार्यक्रमाची ऑर्डर असते. मग सकाळी हार घातलेला तोच कॅमेरा घाईघाईनं बॅगेत कोंबला जातो. लेन्सचं झाकण सापडत नाही. चार बॅटऱ्यांपैकी भरलेली कुठली आणि संपलेली कुठली, कळत नाही. मेमरी कार्ड शर्टाच्या खिशात, चिल्लरीसोबत.

वर्षातला एक दिवस वस्तूला देव मानायचं आणि बाकीचे दिवस तिला कसंही आदळायचं, यात श्रद्धा नेमकी कशावर असते? आणि याच प्रश्नाची दुसरी बाजू: जो माणूस रोज रात्री प्रत्येक लेन्स पुसतो, कपाटातला दमटपणा मोजतो, कप्पे लावतो, कुलूप ओढून पाहतो आणि मगच झोपतो, त्याला भक्त म्हणायचं की लोभी?

कॅमेऱ्याचं सामान घरात आणि बॅगेत कसं ठेवावं, हा विषय सहसा दुकानदाराच्या सल्ल्यावर संपतो. पण ज्या गावात तो विचारला जातोय त्या गावाच्या आसपास, हातकणंगले-शिरोळपासून पलीकडच्या निपाणी-चिकोडीपर्यंत, एक परंपरा अशी नांदते जिनं वस्तू उचलणं आणि खाली ठेवणं यालाच व्रताच्या पंक्तीला बसवलं आहे. दिगंबर जैन मुनीच्या आचारात पाच समिती सांगितल्या आहेत. चालताना, बोलताना, आहार घेताना, मलमूत्र विसर्जन करताना आणि वस्तू उचलताना-ठेवताना पाळायची सावधगिरी. या शेवटच्या सावधगिरीचं नाव आदान-निक्षेपण समिती. जगात त्याग सांगणारे धर्म पुष्कळ आहेत. पण पोथी चौरंगावर ठेवण्याआधी चौरंग नीट पाहावा, हळुवार झाडावा आणि मगच पोथी टेकवावी, ही साधी कृती मोक्षमार्गाच्या हिशेबात धरणारी शिस्त विरळा.

मुनीजवळ सामान तरी किती? शास्त्र, पिंछी आणि कमंडलू. ज्ञानासाठी एक, संयमासाठी एक, शुद्धीसाठी एक. बॅग नाही, कारण भरायला काही नाही. १८७२ साली या सीमाभागात जन्मलेले आचार्य शांतिसागर पुढं दक्षिणेतून उत्तरेपर्यंत पायी फिरले आणि १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखनेनं, म्हणजे व्रतपूर्वक अन्नपाणी सोडून, देह ठेवला. त्यांच्या छायाचित्रांत दिसतं ते एवढंच सामान.

यातली पिंछी जरा निरखून पाहण्यासारखी आहे. मोरानं आपसूक गाळलेल्या पिसांची ती बांधलेली असते. मुनींच्या आचाराचा ‘मूलाचार’ हा प्राकृत ग्रंथ तिचे पाच गुण सांगतो. ती धूळ धरत नाही, घाम शोषत नाही, मऊ असते, नाजूक असते आणि वजनाला हलकी असते. आता कुठल्याही फोटोग्राफरला विचारा, लेन्स झाडायचा ब्रश कसा असावा? तो नेमके हेच पाच गुण सांगेल, कदाचित याच क्रमानं. फरक इतकाच की तो ब्रश काचेला ओरखडा पडू नये म्हणून मऊ हवा आणि पिंछी मुंगीला इजा होऊ नये म्हणून. एकाची काळजी वस्तूसाठी, दुसऱ्याची जिवासाठी. हा फरक छोटा नाही, पण तो पावसाळ्यात जरा पुसट होतो.

कोल्हापूरचा पावसाळा ज्यानं काढला त्याला दमटपणा शिकवावा लागत नाही. जूनमध्ये कातडी चपला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात. तरी गौरी-गणपतीला खाली काढल्या की अंगठ्यावर पांढुरका बुरा दिसतोच. तोच बुरा लेन्सच्या आत चढतो. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस रेंगाळला, अंधार असला, हवा खेळती नसली आणि काचेवर बोटाचा तेलकट ठसा किंवा धुळीचा कण असला, की बुरशीला आणखी काही लागत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेवर पसरतात. त्यांच्यातून झिरपणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. उशिरा लक्षात आलं तर बुरशी पुसली तरी तिची नक्षी काचेवर कायमची राहते. नामी गोष्ट अशी की लेन्स ज्या देखण्या कातडी डबीत जपून ठेवलेली असते, ती डबीच पाणी धरून ठेवते. जितकी घट्ट, जितकी अंधारी, तितकी बुरशीला सोयीची.

जैन स्वयंपाकघरात या बुरशीकडं वेगळ्या नजरेनं बघतात. ती घाण नाही, ती अनंत जिवांची वस्ती आहे. म्हणून तिला मारण्याची वेळच येऊ द्यायची नाही, हा तिथला कायदा. दळलेल्या पिठाला मर्यादा घातलेली असते: हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. डबा तोच, पीठ तेच, पण ऋतूप्रमाणं मोजमाप बदलतं. पापड-लोणच्यांची, सुक्या मसाल्याची सगळी निगा याच तत्त्वावर चालते. झाल्यावर नष्ट करण्यापेक्षा होऊ न देणं.

कॅमेऱ्याच्या कपाटाचं शास्त्रही अक्षरशः हेच आहे. ड्राय कॅबिनेट नावाचं विजेवर चालणारं कपाट आतला दमटपणा ४० ते ५० टक्क्यांत राखतं. ते परवडत नसेल तर झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि दमटपणा दाखवणारी छोटी तबकडी. निळं सिलिका पाणी पिऊन गुलाबी झालं की ते तापवून पुन्हा निळं करायचं. जानेवारीत एक पुडी महिनोन्‌महिने निभावते, जुलैत तिचा रंग पाहता पाहता बदलतो. पण अति कोरडेपणाही नको. ३० टक्क्यांच्या खाली गेलं की आतलं वंगण आणि रबर सुकायला लागतं. तीन, पाच, सात दिवसांचा हिशेब ज्या घरात आजीनं शिकवला, त्या घरातल्या पोराला हे सगळं दुकानदारानं समजावून सांगायची गरज नसावी. प्रत्यक्षात असते, कारण आजीचं ज्ञान पिठाच्या डब्यापाशीच थांबतं, असं त्याला वाटतं.

इथवर सगळं गोड आहे. सावधगिरी चांगली, निगा चांगली. पण मुनीची सावधगिरी आणि शौकिनाची सावधगिरी कुठं तरी फुटतेच, आणि ती कुठं फुटते हे पाहायला कोल्हापूरच्याच एका प्राध्यापकाकडं जावं लागतं.

राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी १९३५ साली आचार्य कुंदकुंदांच्या ‘प्रवचनसार’ या प्राकृत ग्रंथाची संपादित आवृत्ती काढली. जगभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर गेलेलं हे काम. या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात मुनीनं काय जवळ बाळगावं, याची चर्चा आहे. तिचा आशय असा की वस्तू थोडी असली म्हणून चालत नाही, तिला कसोटी आहे. ती निषिद्ध नसावी. असंयमी माणसाला तिचा मोह पडू नये. आणि बाळगणाऱ्याच्या मनात तिनं आसक्ती उपजवू नये. साध्या मराठीत, चोराला जी नको तीच मुनीला चालते.

कॅमेरा या परीक्षेत पहिल्याच पेपराला नापास. एसटीच्या रॅकवर कुणाचीही नजर जाईल अशी ती वस्तू. गंमत अशी की जगभरचे फोटोग्राफर नकळत हीच कसोटी पाळायला बघतात. कंपनीचं नाव झळकणारी नवी कोरी बॅग न घेता मळकी, साधी, शाळकरी दिसणारी बॅग वापरतात. फ्रान्सचा हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत धातूवर काळी पट्टी चिकटवायचा. त्याचं कारण वैराग्य नव्हतं. रस्त्यावरच्या माणसाचं लक्ष कॅमेऱ्याकडं जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. पण वस्तू झाकली की माणूस दिसतो, हे त्यानं हेरलं होतं. आणि आयुष्यभर बहुतेक काम त्यानं ५० मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर भागवलं.

‘प्रवचनसारा’त याच भागात आणखी एक विचार येतो, आणि तो जास्त टोचणारा आहे. जीव मेला की वाचला यावर हिंसा ठरत नाही. जो बेसावध वागला त्याच्या हातून हिंसा झालीच, आणि जो खरोखर सावध होता त्याला केवळ घडलेल्या इजेनं बंध लागत नाही. दोष परिणामात नाही, बेफिकिरीत आहे. फोटोग्राफरच्या जगात हे उलटं चालतं. बॅगेची चेन उघडी राहिली, लेन्स पडली, पण गवतावर पडली आणि वाचली, की माणूस हसून सांगत सुटतो, ‘लेन्स दणकट आहे हां!’ कुंदकुंदांच्या हिशेबात लेन्स फुटलेलीच आहे.

आता मूळ प्रश्न. निगा आणि आसक्ती यांतली रेघ कुठं ओढायची? उमास्वामींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’नं सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची यादी दिली नाही. वस्तूवरची मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, हाच परिग्रह, असं ठरवलं. त्यामुळं दहा लेन्स असलेला निर्लेप असू शकतो आणि एकच असलेला गळ्यापर्यंत बुडालेला. ही व्याख्या सूक्ष्म आहे आणि म्हणूनच पळवाटेलाही सोयीची आहे. ‘माझी कुठं आसक्ती आहे?’ असं म्हणत कपाट भरणारे कमी नाहीत. बहुधा म्हणूनच गृहस्थाला सूक्ष्म व्याख्येवर सोडलेलं नाही. त्याच्यासाठी परिग्रह-परिमाण व्रत आहे: शेत, घर, सोनं, धान्य, कपडे-भांडी, प्रत्येकाचा आकडा आधीच ठरवायचा आणि त्याच्यावर जायचं नाही. मनाची परीक्षा अवघड असते, मोजणी सोपी.

आणि बॅग ही मोजणीची उत्तम जागा आहे. कपाटात कितीही मावतं, बॅग खांद्यावर बोलते. नीट भरलेल्या बॅगेत जड वस्तू पाठीला लागून असते, हाताला वारंवार लागणारी वर, आणि प्रत्येक कप्प्यात एकच जिन्नस. भरलेल्या बॅटऱ्या एका दिशेनं, संपलेल्या उलट्या. कोरं कार्ड सुलटं, भरलेलं पालथं. लग्नाच्या मांडवात अंतरपाट धरला गेलाय, मंगलाष्टकं संपत आली आहेत आणि हात न बघता कप्प्यात जाऊन बरोबर तीच वस्तू घेऊन येतो. ही सवय एका अर्थानं समितीच आहे. तिच्यामुळं फोटोग्राफरचं लक्ष बॅगेतून सुटून नवरीच्या आईच्या डोळ्यांकडं जातं. मांडणीचा उपयोग वस्तू आठवत राहण्यासाठी नसतो, तिचा विसर पडावा यासाठी असतो. ज्याला कार्यक्रमभर स्वतःची बॅगच दिसत राहते, त्याची मांडणी कितीही देखणी असो, ती फसलेली आहे.

कोल्हापूरकरांना या परीक्षेची एक कठोर आवृत्तीही ठाऊक आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती या दोन्ही खुणा मागं टाकून गल्ल्यांत शिरली. तळमजल्यावरचं काय वर न्यायचं, हे ठरवायला तेव्हा फार वेळ नव्हता. कपाट कुणी उचलत नाही. हाताला येते ती एक बॅग.

जपण्याचा एक तिसरा प्रकार मात्र समितीतही बसत नाही आणि पूजेतही नाही, आणि त्याचा इतिहास याच गावात सुरू होतो. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ, दोघेही चित्रकार, म्हणून लोकांनी त्यांना पेंटर म्हटलं. सिनेमानं झपाटलेल्या या दोघांनी परदेशी कॅमेरा आणण्याची वाट न बघता स्वतः घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम अर्धं राहिलं. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास तो पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. कंपनीला भांडवल पुरवणाऱ्यांत गायिका तानीबाई कागलकर होत्या. आज खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ उभा आहे. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जातात.

यंत्राला स्तंभ मिळाला. त्या यंत्रानं जे पाहिलं, ते मात्र उरलं नाही. ‘सैरंध्री’ आज कुणालाच पाहता येत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची. तिच्या कुजण्यातून वायू सुटतो आणि बंद डब्यात तो कोंडला की कुजणं आणखी वेग घेतं. पेटली तर स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, पाण्यानं विझत नाही. तिला थंडावा लागतो, खेळती हवा लागते आणि अधूनमधून डबा उघडून बघणारा माणूस लागतो. झाकण घट्ट लावून, कपाटात टाकून, ‘जपून ठेवलंय’ म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी तपकिरी भुकटी येते. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, तो जाळपोळीचा भाग होता. पण २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातलं नायट्रेट फिल्मचं कोठार पेटलं, तिथं सामान जपण्यासाठीच ठेवलेलं होतं. कातडी डबीतली लेन्स आणि टिनाच्या डब्यातली रिळं यांचं दुखणं एकच. दोन्ही प्रेमानं कोंडलेली आहेत.

मूर्च्छा या शब्दाचा दुसरा अर्थ बेशुद्धी. हा योगायोग नसावा. ज्या वस्तूवर जीव जडतो तिच्याकडं माणूस बघायचं सोडून देतो.

मग खंडेनवमीचं काय? तिला निव्वळ कर्मकांड म्हणून मोडीत काढणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. त्या दिवशी हत्यार वापरायचं नसतं, पुसायचं असतं, नटबोल्ट तपासायचे असतात. उद्यमनगरातल्या कामगाराला विचारलं तर पूजेच्या आदल्या दिवशीची धुलाई हीच खरी पूजा, हे तो हसत सांगेल. शिवाय त्या हारात एक कबुली असते की पोट या यंत्रानं भरलं. समितीत ही कृतज्ञता नाही. मुनी पिंछीला हार घालत नाही. पण तो आणखी एक गोष्ट करतो. चातुर्मास संपला की पिंछी-परिवर्तनाचा समारंभ होतो. जुनी पिंछी तो सोडतो, नवी घेतो, आणि जुनी ज्या गृहस्थाच्या हाती जाते त्यानं संयमाचा काही नियम घेतलेला असतो. उपकरण झिजलं की ते स्मृती म्हणून कपाटात जात नाही, पुढं सरकतं. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त दानाचे चार प्रकार येतात. आहार, औषध आणि निवास यांच्या बरोबरीनं त्यात उपकरणाचं दान आहे.

दोन्ही सण-समारंभ एकाच ऋतूत येतात. अश्विनातली नवमी आणि त्यानंतर महिनाभरात संपणारा चातुर्मास. एका गल्लीत हत्यारांना हार, दुसरीत जुनं उपकरण दुसऱ्याच्या हाती. कोल्हापुरातल्या फोटोग्राफरला यातलं एकच निवडायची सक्ती नाही. पण या लेखाचं मत विचाराल तर हार नसला तरी चालेल, आधीची धुलाई आणि नंतरचं देणं चुकवू नये.

येत्या खंडेनवमीला टेबलावर कॅमेरे मांडताना ज्या लेन्सनं मागच्या नवमीपासून एकही फोटो काढलेला नाही, ती बाजूला काढा. दुसऱ्या दिवशी दसरा चौकात सोनं लुटून झालं की, आपट्याच्या पानासोबत ती एखाद्या शिकणाऱ्या पोरापोरीच्या हातात द्या. कातडी डबी देऊ नका. झाकण घट्ट बसणारा साधा प्लास्टिकचा डबा द्या आणि आतली सिलिकाची पुडी निळी आहे ना, ते देण्याआधी एकदा बघा.